इंडिया गेट : कमानीवरची नावं कोण वाचतं?



मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी आहे. माझी बरीचशी नोकरी सीमेवर गेली, आणि काही वर्षं दिल्लीत टेबलावर. त्या दिल्लीच्या वर्षांत पाहुणे फार यायचे. गावाकडचे, बेळगावचे, इंदूरचे, बडोद्याचे. प्रत्येकाला लाल किल्ला, कुतुबमिनार आणि संध्याकाळी इंडिया गेट हवंच असायचं. इंडिया गेटला गेल्यावर मुलांना फुगे, मोठ्यांना आईस्क्रीम आणि सगळ्यांना एक फोटो. झालं इंडिया गेट.

मी पाहुण्यांना एक प्रश्न विचारायचो, तोच आज तुम्हाला विचारतो. या कमानीवर कुणाची नावं कोरलेली आहेत?

उत्तरं ठरलेली असायची. कुणी म्हणायचं स्वातंत्र्यसैनिकांची. कुणी म्हणायचं १९७१ च्या जवानांची. अलीकडे तर मोबाइलवर एक संदेश फिरतो. त्यात या भिंतीवर स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत असं सांगून कुठल्या धर्माचे किती, याचे आकडे दिलेले असतात. तो संदेश आला तर पुढे पाठवू नका. ती नावं स्वातंत्र्यसैनिकांची नाहीत, १९७१ ची नाहीत, आणि तिथे धर्माचा रकानाही नाही.

मग कुणाची आहेत? आजचं बोलणं त्याबद्दल आहे. आणि ती नावं आपली मानायची की नाही, याबद्दलही.

दोन दरवाजे

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्या मुंबईचा गेटवे ऑफ इंडिया आणि दिल्लीचं इंडिया गेट यांची नावं सारखी वाटतात, पण काम अगदी वेगळं. १९११ च्या डिसेंबरात राजा पाचवा जॉर्ज मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून गेटवे बांधला. १९२४ मध्ये तो पूर्ण झाला. पुढे याच गेटवेतून फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिशांची शेवटची पलटण बाहेर पडली, हा काळाने उगवलेला सूड. पण मुळात तो राजाच्या स्वागताचा दरवाजा.

इंडिया गेट हा स्वागताचा दरवाजा नाहीच. त्याचं मूळ नाव अखिल भारतीय युद्ध स्मारक. ते बांधलं ते मेलेल्या शिपायांसाठी. एक दरवाजा राजासाठी, एक शिपायासाठी. इतका साधा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

दहा वर्षांची गोष्ट

पायाभरणी झाली १० फेब्रुवारी १९२१ ला. हस्ते ड्यूक ऑफ कनॉट, म्हणजे राजाचा काका. ती वेळ जरा आठवा. जालियनवाला बागेला दोन वर्षंही झाली नव्हती. गांधीजींची असहकार चळवळ ऐन भरात होती. ठिकठिकाणी ड्यूकच्या दौऱ्यावर बहिष्कार पडत होता. आणि दिल्लीत मेलेल्या हिंदी शिपायांच्या स्मारकाचा दगड बसत होता.

त्याच समारंभात काही पलटणींना 'रॉयल' ही पदवी जाहीर झाली. त्यात गढवाली होते, जाट होते, शीख पायोनियर होते, गुरखे होते. आणि ११७ वी मराठा पलटणही होती. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही, म्हणून सांगतो.

काम लगेच सुरू होऊ शकलं नाही. आज जिथे कर्तव्यपथ आहे, तिथून तेव्हा आग्रा-दिल्ली रेल्वेचा रूळ जायचा. तो आधी यमुनेच्या बाजूला हलवावा लागला. मग बांधकाम. कमानीची रचना एडविन ल्यूटेन्सची. नवी दिल्ली आखणारा हाच माणूस. लंडनचं सेनोटाफ हे युद्ध स्मारकही त्याचंच. महायुद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळायला १९१७ मध्ये एक आयोग नेमला होता, त्याच्या कामातही तो होता.

१२ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने स्मारकाचं उद्घाटन केलं. पुन्हा तारखेकडे बघा. त्यानंतर पाचच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, हाच आयर्विन गांधीजींशी बोलणी करायला बसला. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. हे सगळं त्या सहा आठवड्यांतलं. एकाच देशाची माणसं तेव्हा दोन प्रकारे मरत होती. काही साम्राज्यासाठी मेली होती, काही साम्राज्याविरुद्ध मरत होती. आणि दोघांच्याही घरी रडणारी आई एकाच भाषेत रडत होती.

कमान कशी वाचायची

आता आपण कमानीसमोर उभे आहोत असं समजा. उंची ४२ मीटर. पाया लाल भरतपुरी दगडाचा. वर बघा. सगळ्यात वरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द आहे, 'इंडिया'. त्याच्या एका बाजूला रोमन आकड्यांत १९१४, दुसऱ्या बाजूला १९१९.

१९१४ कळतं, पहिलं महायुद्ध सुरू झालं. पण ते तर १९१८ च्या नोव्हेंबरात संपलं. मग १९१९ का? कारण १९१९ च्या उन्हाळ्यात तिसरं अफगाण युद्ध झालं. युरोपात तोफा थंडावल्या, पण आपल्या शिपायाची सुट्टी लांबली. वायव्य सरहद्दीवर तो लढतच होता.

त्या पट्टीखाली मोठा लेख आहे. त्यात हिंदी सैन्य जिथे जिथे मेलं त्या भूमींची नावं येतात. फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, पर्शिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली. हे स्मारक त्या सगळ्यांसाठी आहे, सत्तर हजारांहून जास्त माणसांसाठी. पण भिंतीवर कोरलेली नावं तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. मग बाकीचे कुठे गेले?

इथेच बहुतेक लोक अडखळतात. फ्रान्समध्ये जो पडला, त्याचं नाव फ्रान्समध्ये. इराकात जो पडला, त्याचं इराकात. इंडिया गेटवर नाव आहे ते मुख्यतः भारतात, वायव्य सरहद्दीवर किंवा अफगाण युद्धात पडलेल्यांचं. ज्यांच्या कबरी दूर डोंगराळ मुलखात होत्या आणि सांभाळणं शक्य नव्हतं, अशांचं. म्हणजे ही भिंत एका अर्थाने त्यांचा दाखला आहे, ज्यांचा दुसरा कुठलाच दाखला उरला नाही.

त्यांच्यात काही ब्रिटिश आहेत, बहुतेक आपले आहेत. आणि 'आपले' म्हणताना सांभाळून म्हणा. कारण त्यातल्या कित्येकांची गावं आज पाकिस्तानात आहेत. फाळणीपूर्वीचं सैन्य होतं ते. माझ्या माहितीत दिल्लीच्या मध्यभागी अशी दुसरी भिंत नाही, जिथे दोन्ही देशांच्या आजोबा-पणजोबांची नावं शेजारी शेजारी आहेत आणि कुणाचीही तक्रार नाही.

आणखी एक बघा. या कमानीवर कुठलंही धर्मचिन्ह नाही. क्रॉस नाही, चंद्रकोर नाही, ॐ नाही. हे ठरवून केलेलं आहे. मेलेला शिपाई कुठल्या देवाचं नाव घेत गेला, हे स्मारक विचारत नाही. सैन्यात आम्ही याच शिस्तीत वाढतो. पलटणीच्या मंदिरात मुसलमान अधिकारी आरती करतो आणि शीख सुभेदार प्रसाद वाटतो. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

ज्यांना नाव मिळालं नाही

आता जरा कडू भाग. फ्रान्समध्ये नव शापेल इथे १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक झालं. तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत. चांगली गोष्ट.

पण इराकात बसऱ्याला जे स्मारक झालं, तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचं काय केलं? पलटणीचं नाव लिहून पुढे आकडा घातला. अमुक पलटण, इतके शिपाई. बस. हजारो माणसांची बेरीज करून टाकली.

२०२१ साली त्याच आयोगाने, ज्याचं आजचं नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग आहे, एक अहवाल काढून हे मान्य केलं. आफ्रिका आणि आशियातल्या सैनिकांना समान वागणूक मिळाली नाही, असं कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

मी हे का सांगतोय? कारण मेसोपोटेमियात आपले लोक फार होते. तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुट अल अमारा या गावात हे सैन्य वेढ्यात सापडलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर कैद्यांची जी पायपीट झाली त्यात किती तरी माणसं वाटेतच गेली. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या मुलांनी टायग्रिस नदीच्या काठी जीव सोडला. घरी तार आली असेल नसेल, आणि स्मारकावर आला आकडा.

म्हणून इंडिया गेटवरची तेरा हजार नावं मला मोलाची वाटतात. तिथे निदान माणूस नावाने उभा आहे. पॅरिसची प्रसिद्ध कमान आठवा. तिच्यावर लढायांची आणि सेनापतींची नावं आहेत. आमच्या कमानीवर शिपाई आहे, नाईक आहे, हवालदार आहे.

हे आपले की परक्याचे?

आता मुख्य प्रश्न. तरुण मुलं मला सरळ विचारतात, "सर, हे लोक ब्रिटिशांसाठी लढले. त्यांचा आपण का अभिमान धरायचा?"

प्रश्न रास्त आहे, त्याला रागावून उत्तर देऊ नये. मी त्यांना आधी विचारतो, तो शिपाई का गेला असेल? महिना ११ रुपये पगार होता. दुष्काळी भागात ११ रुपये म्हणजे घर. बापाचं कर्ज होतं. आजोबाही पलटणीत होते. गावात मान होता. मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहिला तो साम्राज्याचा नकाशा बघून नाही.

आणि त्या काळचे आपले पुढारी काय म्हणत होते? १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात स्वतः सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरले. लोकमान्यही भरतीला तयार होते, पण हक्कांची अट घालून. आम्ही रक्त द्यायचं तर आम्हाला अधिकारपदं आणि स्वराज्य द्या, अशी त्यांची मागणी होती. युद्ध संपल्यावर स्वराज्य मिळेल अशी आशा होती. मिळाला रौलट कायदा. फसवणूक झाली ती सगळ्या देशाची. त्याचा बोल शिपायाला का लावायचा?

मी छत्तीस वर्षं वर्दीत होतो. एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. शिपाई युद्ध निवडत नाही. युद्ध निवडतात ते दुसरे. शिपाई फक्त शेजारच्याला सोडून पळत नाही, एवढंच त्याच्या हातात असतं आणि एवढंच तो करतो. १९१६ चा शिपाई आणि १९९९ चा कारगिलचा जवान यांचे मालक वेगळे होते, झेंडा वेगळा होता, पण हे एक त्यांच्यात सारखं होतं. युद्धावर टीका करा, जरूर करा. राजावर करा. पण नावावरची धूळ पुसायला टीका आड येत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. तिथे जाऊन कुणाला म्हणा, की तुमचे पणजोबा परक्यांसाठी मेले, त्यांना विसरा. ते गाव तुम्हाला चहा पाजेल, पण विसरणार नाही. आजही तिथली मुलं सैन्यात जातात.

आपला वीरगळ

स्मारक ही काही इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट नाही. आपल्याकडे वीरगळ आहेत. महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत, देवळाच्या मागे, पाराजवळ, शेताच्या बांधावर ते दगड उभे असतात. कर्नाटकातले मराठी श्रोते त्यांना वीरगल्लु म्हणून ओळखतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. सर्वांत वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत तुझी आठवण राहील.

पण बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला तेव्हा माहीत होतं, हा कोण. दोन पिढ्यांनी माहिती गेली, दगड राहिला. आज त्यावर शेंदूर असतो किंवा धुणं वाळत असतं. आठवण ठेवायची तर दगड पुरत नाही. नाव लागतं, आणि ते नाव वाचणारं माणूस लागतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. ते मला एका बाईंनी शिकवलं.

ज्योत आणि एक प्रश्न

१९७१ चं युद्ध आपण तेरा दिवसांत जिंकलं. आपले सुमारे ३,८०० जवान त्यात गेले. त्यांच्या स्मृतीसाठी इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योत उभारली. २६ जानेवारी १९७२ ला इंदिरा गांधींनी तिथे मानवंदना दिली. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रोवलेली रायफल आणि तिच्यावर लोखंडी टोप. याचा अर्थ अनेकांना माहीत नसतो. रणांगणावर जवान पडला की त्याची जागा कळावी म्हणून त्याचीच रायफल जमिनीत उलटी रोवतात आणि त्याचाच टोप वर ठेवतात. ती शोभेची मूर्ती नव्हे. ती घाईत केलेली समाधी आहे.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हीच आपली राष्ट्रीय वंदनेची जागा होती. प्रजासत्ताक दिनाला पंतप्रधान आधी इथे यायचे, मग परेड.

माझ्या दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये आमच्या पलटणीतल्या एका नाईकाची पत्नी मुलाला घेऊन दिल्लीत आली होती. मुलाची कसली तरी परीक्षा होती. त्यांचे यजमान १९८७ साली श्रीलंकेत, शांतिसेनेत, धारातीर्थी पडले होते. मी तेव्हा कॅप्टन होतो, त्याच भागात. परीक्षा झाल्यावर मी दोघांना इंडिया गेटला नेलं. ताईंनी ज्योतीला नमस्कार केला. मग मान वर करून कमानीवरची नावं बघू लागल्या. अक्षरं इंग्रजी, त्यांना वाचता येत नव्हती. मला म्हणाल्या, "साहेब, ह्यांचं नाव कुठल्या बाजूला आहे?"

मी म्हटलं, "ताई, ही नावं फार जुन्या लढाईची आहेत. इंग्रजांच्या वेळची."

"मग ह्यांचं कुठं आहे?"

"ही ज्योत सगळ्यांसाठी आहे, ताई. त्यांच्यासाठीपण."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते खरं. पण पोराला नाव दाखवायचं होतं."

मी त्यांना सांगितलं, की पलटणीच्या स्मारकावर नाव आहे. ते त्यांना माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणूस देशासाठी गेला, तर देशाच्या राजधानीत नाव का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्यापेक्षा वरच्या कुणाकडेही नव्हतं. इंग्रजांनी, त्यांच्या कारणांसाठी का होईना, तेरा हजार नावं दगडात कोरली. स्वतंत्र भारतात १९४७ नंतर जे गेले, १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, त्यांची नावं एकत्र अशी दिल्लीत कुठेच नव्हती. पुढे श्रीलंकेने आपल्या राजधानीजवळ शांतिसेनेचं स्मारक बांधलं, त्यावर सुमारे बाराशे भारतीय नावं कोरली. म्हणजे ताईंच्या यजमानांच्या जोडीदारांची नावं परक्या राजधानीत आधी लागली, आपल्या राजधानीत नंतर.

२०१९ आणि २०२२

राष्ट्रीय युद्ध स्मारकाची मागणी सैन्याने १९६० पासून केलेली होती. २०१५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि २५ फेब्रुवारी २०१९ ला इंडिया गेटच्या मागेच, चाळीस एकरांत, हे स्मारक खुलं झालं. चेन्नईच्या एका वास्तुरचनाकार संस्थेने ते आखलं. ते कमानीसारखं उंच नाही, जमिनीलगत पसरलेलं आहे. मध्ये स्तंभ आणि त्याच्याभोवती चार वर्तुळं. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. रक्षक चक्र म्हणजे झाडांची रांग, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानांसारखी. त्याग चक्राच्या भिंती चक्रव्यूहाच्या कल्पनेवर आहेत. तिथे प्रत्येक जवानासाठी एक स्वतंत्र ग्रॅनाइटची पाटी आहे, त्यावर हुद्दा आणि नाव. एकूण सुमारे २६ हजार. नाव शोधायला पडदे बसवलेले आहेत, नाव टाकलं की पाटी कुठे आहे ते कळतं.

ताईंचा मुलगा आता स्वतः बाप झाला आहे. २०१९ च्या मे महिन्यात त्याने मला त्या पाटीचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, 'सर, आईने हात लावला.'

२१ जानेवारी २०२२ ला कमानीखालची ज्योत युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली. अंतर सुमारे चारशे मीटर. पुढे मे महिन्यात ती रायफल आणि तो टोपही तिकडे, परमवीर चक्र विजेत्यांचे पुतळे आहेत त्या परमयोद्धा स्थळावर नेले. यावरून तुम्ही टीव्हीवर भांडणं ऐकली असतील. आमच्या निवृत्त मंडळींतही दोन तट होते. एक म्हणत होता, पन्नास वर्षांची ज्योत हलवू नये, १९७१ ची ओळख पुसू नये. दुसरा म्हणत होता, जिथे आपल्या जवानांची नावं, तिथेच ज्योत हवी.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्याचं कारण राजकीय नाही, ताईंचा प्रश्न आहे. नाव एकीकडे आणि दिवा दुसरीकडे, असं घरात आपण करतो का? पण पहिल्या बाजूच्या लोकांची एक भीती मला पटते. ज्योत गेली, पुष्पचक्र गेलं, पाहुणे आता थेट नव्या स्मारकाकडे जातात. मग कमानीवरची ती तेरा हजार नावं कुणाची? ब्रिटन आता त्यांच्याकडे वळून बघणार नाही. पाकिस्तानातून कुणी दर्शनाला येणार नाही. आपण 'परक्यांसाठी मेलेले' म्हणून बाजूला केलं, तर त्यांना विचारणारं जगात कुणीही उरत नाही.

रिकामी छत्री

कमानीच्या मागे एक छत्री आहे, तिची गोष्ट यासाठी सांगतो. १९३६ मध्ये तिथे पाचव्या जॉर्जचा पुतळा बसवला. १९६८ मध्ये तो हलवून शहराबाहेर कॉरोनेशन पार्कमध्ये नेला. त्यानंतर ती छत्री पन्नास वर्षांहून जास्त काळ रिकामी होती. ८ सप्टेंबर २०२२ ला तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. २८ फूट उंच.

योग बघा. एकाच रेषेत पुढे ब्रिटिश सैन्यातले हिंदी शिपाई, आणि मागे त्याच सैन्यातल्या शिपायांना घेऊन ब्रिटिशांविरुद्ध उभे राहिलेले नेताजी. आझाद हिंद सेनेचा मोठा हिस्सा ब्रिटिश हिंदी सैन्यातूनच आला होता. मग हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात आहेत का? मला नाही वाटत. राजा गेला हे योग्यच झालं. तो तिथे मालक म्हणून होता. शिपाई राहिला हेही योग्य. तो तिथे आपला माणूस म्हणून आहे. देश प्रौढ झाला की त्याला दोघांतला फरक कळतो.

तुमच्यासाठी तीन कामं

जाता जाता तुम्हाला तीन कामं सांगतो. सैन्यातला माणूस काम सांगितल्याशिवाय उठत नाही.

पहिलं, दिल्लीला गेलात तर फोटो काढा, आईस्क्रीम खा, पण कमानीवरचं एक नाव मुलांना मोठ्याने वाचायला लावा. एकच. मग मागे युद्ध स्मारकात जा, प्रवेश मोफत आहे. तिथे तुमच्या जिल्ह्यातल्या एका जवानाची पाटी शोधा. सूर्यास्ताच्या सुमाराला गेलात तर एखाद्या जवानाच्या कुटुंबीयांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जाताना दिसेल. तिथे मोबाइल खिशात ठेवा.

दुसरं, तुमच्या गावात जा. जुनी चावडी, शाळा किंवा वेशीपाशी पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे का बघा. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. कित्येक गावांत ती पोस्टरखाली दडलेली आहे. पोस्टर काढा, पाटी धुवा, आणि ग्रामसभेत विचारा, हे कोण होते?

तिसरं, घरात कुणाचे पणजोबा 'बसऱ्याला गेले' किंवा 'लामच्या लढाईत होते' असं आजी सांगत असेल, तर तिच्याकडून नाव आणि गाव आजच लिहून घ्या. 'लाम' म्हणजे तेच पहिलं महायुद्ध. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. सापडेलच असं नाही. पण आजी आहे तोवर निम्मी माहिती तुमच्या घरातच आहे.

इंडिया गेटला कुंपण आहे, दिवे आहेत, पहारा आहे. दगडाची काळजी सरकार घेईल. नाव वाचायचं काम मात्र सरकारचं नाही, ते तुमचं-माझं आहे.

जय हिंद.